झडपेचं माप

वाफेच्या नळावरच्या झडपेचं माप
शिंप्यासारखंच घ्यायचं असतं:
गळा, कंबर, पोटाचा घेर,
चाकाला वरून बाहेर यायला भोक,
बोल्टांसाठी दोन बोटं सैल.
ताइसिया आकडे सांगते, मी लिहितो.
बाहेर उणे अठरा, नळात दोनशे ऐंशी,
आणि या दोन आकड्यांच्या मधल्या जागेवर
आमची दोघांची रोजीरोटी.

नार्वा नदीच्या पलीकडे दुसरा देश.
अलीकडे आमचं वीजघर,
आणि वरच्या अंगाला ती गिरणी, जिचे माग
सत्तावीस वर्षं हिच्या कानात वाजत राहिले
आणि एका वसंतात गप्प झाले.
ती मात्र अजून ओरडूनच बोलते.

आता ती झडपांना अंगरखे शिवते.
काचेच्या सुताचं कापड, आत काचलोकर,
स्टीलच्या तारेचा टाका, वर करडा लेप.
संध्याकाळी मनगटं खाजतात.
"काच असून लोकरीसारखी वागते," ती म्हणते,
"माझी जाऊ याच्या बरोब्बर उलट."

गुरुवारी तिसऱ्या बॉयलरचं जुनं आवरण उतरवलं.
पांढऱ्या पोशाखातले चौघे, तोंडाला मुखवटे,
पाणी मारत मारत
सोलत होते नळ.
आम्ही पिवळ्या पट्टीच्या अलीकडे.
पारदर्शक पिशव्या बाहेर येऊन रांगेत बसल्या,
आणि एकीपाशी ती थबकली, वाकली.
रंगाचे पोपडे उडालेलं जाड सुती कापड
प्लॅस्टिकला आतून चिकटलेलं.

"काठापासून चार बोटं मोज.
एक उभा धागा नाहीये. दिसतोय?
एकशे बारा नंबरचा माग.
फणीचा एक दात वाकडा होता,
गेन्नादीला तीनदा सांगितलं.
तो म्हणायचा, दुय्यम माल आहे बाई,
नळांना गुंडाळायला जातो,
नळ काय तक्रार करणार?"

नळांनी केली नाही.
चौतीस हिवाळे ते कापड
अंगावर रंग चढवून घेत तिथेच राहिलं.
त्याच्या खाली ॲस्बेस्टॉस.
"तेव्हा कुणाला ठाऊक होतं," मी म्हणालो.
"डॉक्टरांना होतं," ती म्हणाली.
ओरडली नाही. पहिल्यांदाच.

वीतभर तुकडा मिळेल का, तिने विचारलं.
उर्मासने मान हलवली. नियम.
पिशवीवर दुसरी पिशवी, त्यावर चिकटपट्टी.
ट्रक येईपर्यंत ती तिथेच उभी,
हात कोटाच्या खिशात घालून,
स्टेशनवर उभं राहावं तशी.

शुक्रवारी नवा अंगरखा चढवला.
उर्मासने तापमापीचं पिस्तूल रोखलं.
एकोणचाळीस.
"पास," तो म्हणाला, "पन्नासच्या आत चालतं."
ताइसियाने हातमोजा काढला,
तळवा झडपेच्या पोटावर ठेवला, मग पाठीवर.
"एकोणचाळीस?
ताप आहे याला."

आणि दोरीची गाठ सोडून
ती पुन्हा आवळायला लागली,
काठापासून
चार बोटं मोजून.