मोटारघर

एकसरला, आमच्या वाडीत, विहिरीला लागून
आठ बाय दहाची खोली. मंगलोरी कौलं.
दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलेले नंबर:
फिटर, वायरमन, शेणखतवाला,
आणि एक सहाच आकड्यांचा, बिननावाचा.

पाच हॉर्सपॉवरची मोटार भंगारात दिली त्याला बारा वर्षं झाली.
वाडी म्हणजे आता सतरा नारळ, एक चिकू
आणि पाळीपाळीनं अंगावरून जाणाऱ्या
चार टॉवरांच्या सावल्या.

मी म्हटलं, इथं गेमचं मशीन बसवू.
सुनीती म्हणाली, कुरिअरवाला अकरा हजार भाडं देतोय.
रेवती म्हणाली, पप्पा, हे सगळं फोनवर फुकट मिळतं.
तेच तर.
फुकट असतं तर मी क्लासची फी कशाला मोडली असती
मालाडच्या त्या तळघरात, एकेका रुपयानं,
शाई पुसलेल्या बोटांनी?

मशीन सापडलं भाईंदरला, धीरेन गालाच्या गोदामात,
डायपरच्या खोक्यांमागे, तोंड भिंतीकडे करून
शिक्षा दिल्यासारखं.
काचेवर कायमची उमटलेली अक्षरं, पडदा बंद असला तरी दिसणारी:
इन्सर्ट कॉईन.
इतकी वर्षं मागत राहिलं की मागणंच भाजून बसलं काचेत.
"पप्पांनी हे एकच विकलं नाही," धीरेन म्हणाला
आणि मग किंमत सांगितली.

खोलीच्या मधोमध मोटारीचा चौथरा. चार बोल्ट,
अंगठ्याएवढे, गंजून चॉकलेटी.
रामसजीवननं दोन छिन्न्या मोडल्या, घाम पुसला:
"भाईसाब, ये पुराना सिमेंट है. ये नहीं मानेगा."
नाही मानलं.
मग मशीनच्याच बुडाला चार भोकं पाडली
आणि चौघांनी उचलून ते बोल्टांवर उतरवलं,
नट आवळले.
आता ते वीतभर उंच झालंय. खेळायला
पोरांना केळ्यांचा क्रेट लागतो पायाखाली.
मलाही तेव्हा वीट लागायची.

भिंतींना गडद निळा मारला, पण ओल
कोपऱ्यातून पुन्हा वर आलीच, आपल्या नेहमीच्या नकाशासकट.
कौलाखाली फॉल्स सीलिंग घातलं नाही.
थोडे पैसे संपले होते, थोडं कबुतरांचं ऐकलं.

जुना, मोठा रुपयाच लागतो त्याला.
आईच्या करंड्याखालच्या डब्यात एकोणीस निघाले,
काहींना अजून कुंकू.
एक आत टाकला. खण्णकन. आणि मग
तो आवाज, विमान सुटल्याचा, जो माझ्या पोटात
पस्तीस वर्षं कुठंतरी वळकटी करून पडला होता.
पहिल्याच मिनिटात मेलो. हात विसरलेत.
रेवती मात्र चौथ्या पातळीपर्यंत गेली
आणि म्हणाली, बटण जड आहे, मस्त आहे.

संध्याकाळी नाना आले. चौऱ्याऐंशी.
माणसांचं ऐकू येत नाही त्यांना, मोटारींचं येतं.
पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
मागे गेले, पाठीवर तळहात ठेवला,
ताप बघतात तसा, डोळे मिटून.
"पंख्याचं बेअरिंग वाजतंय," म्हणाले.
घरात जाऊन पलंगाखालची तेलाची कुपी आणली,
लांब चोचीची, अजून अर्धी भरलेली,
आणि दोन थेंब सोडले. फक्त दोन.
घरघर बसली.

मग चौथऱ्याला हात लावून खाली वाकले,
बोल्ट मोजले. चार.
काही बोलतील म्हणून मी खेळ सोडून उभा होतो.
पडद्यावर आकडे उतरत होते, नऊ, आठ, सात,
पुढचा रुपया मागत.

"चालतंय छान," नाना म्हणाले. "पाणी कुठं जातं?"

मी काय सांगणार.
ते थोडा वेळ थांबले, मग सवयीनं
लुंगी वर खोचून बाहेर गेले
आणि चिकूच्या आळ्यात वाकून बघितलं.