नेहमीप्रमाणे

पहिल्या पानावर लिहिलं :
हे वाचणाऱ्याला हात नाहीत.
मग खोडलं. असं कुणाच्या तोंडावर बोलू नये.

पुन्हा लिहिलं :
एक तक्रार, एक तिकीट.
तिकिटाला नंबर असतो, मागालाही नंबर असतो,
हे दोन नंबर एक नव्हेत.
एवढंही सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं.
अक्कलकोट रोडवरच्या आमच्या शेडमध्ये
चौदा नंबर म्हटलं की चहावाल्या पोरालाही कळतं, कुठला.

कारखाना टॉवेलचा. माग अठ्ठेचाळीस.
तक्रारी पूर्वी फळ्यावर असायच्या, खडूनं,
तेलुगूत, कानडीत, मराठीत,
आणि संध्याकाळी कुणाचा तरी हात फिरायचा.
आता त्या फोनवर येतात. त्या वाचायला
मालकांनी एजंट ठेवलाय,
पगार नाही, डबा नाही, शिफ्ट तिन्ही.
त्याला कळावं म्हणून ही पुस्तिका लिहितेय
मी, पुष्पलता गड्डम, ऑफिसातली.

पहिल्याच आठवड्यात त्यानं
एकोणीस तिकिटं बंद केली. शेरा : पुनरावृत्ती.
सगळीकडे एकच वाक्य होतं, ताण्याचा धागा तुटतोय.
तुटत होता, एकोणीस मागांवर.
एप्रिलातली दुपार, त्रेचाळीसचा पारा,
हवेत ओल नाही, सूत पापडासारखं.
लिहिलं : वाक्य सारखं म्हणून तक्रार सारखी नव्हे.
बंद करण्याआधी माग बघ.
मग 'बघ' खोडून 'विचार' केलं.

नंतर ते पाण्याचं.
कांड्या भरणाऱ्या कनकव्वानं टाकलं, "पाणी आलंय, जाते."
त्यानं नोंदवलं : गळती. तातडीची.
प्लंबर आला बिचारा, पाना घेऊन,
कोरड्या ठाक फरशीवरून दोनदा फिरला.
"कुठंय बे पाणी?"
पाणी विडी घरकुलात होतं, चार दिवसांनी आलेलं,
आणि कनकव्वा घागरी भरत होती.
शेडभर हसले सगळे. मी पान चारवर लिहिलं :
या गावात पाणी येणं हा बिघाड नाही,
अर्ध्या दिवसाची रजा आहे. मंजूर कर.
शेवटचे दोन शब्द मालकांनी काढायला लावले.

काल पुस्तिकेवरच एक तिकीट आलं.
पाठवणारा : तोच.
"पान सात, ओळ तीन.
मागाचा आवाज बदलल्यास जॉबरला नेहमीप्रमाणे कळवावे.
नेहमीप्रमाणे म्हणजे कसे?
मागील नोंदी सापडल्या नाहीत."

नोंदी असतील कुठून?
मल्लेशमअण्णाला कधी कुणी कळवलंच नाही.
तो बाहेर चहा पीत असतो,
अर्धा पेला ठेवून उठतो,
अठ्ठेचाळीस मागांच्या खडखडाटातून
नेमका एकतिसाव्यापाशी जाऊन उभा राहतो.

वही घेऊन गेले.
"अण्णा, तुम्हाला कळतं कसं?"
"कळतं की."
"पण कसं? लिहायचंय मला."
त्यानं कानातला कापूस काढला.
वाटलं, आता सांगेल.
"काय म्हणालीस?"

डावा कान गेलाय त्याचा.
सात वर्षं त्याच्या समोरच्या टेबलावर बसते मी.

रात्री पान सात उघडलं. 'नेहमीप्रमाणे' खोडलं.
त्या जागी काही सुचेना.
मग नवीन तिकीट उघडलं.
माग नंबर : लागू नाही.
तक्रार : जॉबरचा डावा कान.
किती दिवसांपासून : इथे आकडाच लागतो,
'केव्हाचा' चालत नाही.
अण्णाला इथे तीस वर्षं झाली.
दहा हजार नऊशे पन्नास टाकले, सुट्ट्या धरून.
जबाबदार व्यक्ती : हा रकाना रिकामा सोडता येत नाही,
नियम माझाच, पान दोन.
माझं नाव घातलं.

मिनिटभरात त्याचं उत्तर :
"या प्रकारासाठी पुस्तिकेत सूचना नाही.
तिकीट बंद करू?"

नको, म्हटलं.
आणि पान आठ काढलं.