शिफारसपत्राचा कच्चा खर्डा

फॉर्म विचारतो, उमेदवाराला किती काळ ओळखता?
मी लिहितो, चार वर्षे.
खरं तर एकाच दुपारपासून,
आणि त्या दुपारी मी हजेरीपटावर तिच्या नावापुढे
लाल शाईने 'गैरहजर' लिहिलं होतं.

हर्षाली बारापात्रे. रोल नंबर सतरा.
तेवीस नंबरच्या वॉर्डात तेव्हा
दोन खाटांच्या मधल्या जागेतही गादी होती,
प्लेटलेटचे आकडे आम्ही
भाजीच्या भावासारखे ओरडून सांगत होतो,
आणि ही पोरगी तांडापेठेत
लोकांच्या कूलरमध्ये टॉर्च मारून बघत फिरत होती.

संध्याकाळी आली. चपलेला नालीचा चिखल.
मी तोंड उघडायच्या आत
वहीचं मधलं पान टेबलावर ठेवलं.
"सर, तेवीस नंबरात एकाच गल्लीतले नऊ जण आहेत.
आपण त्यांना बरं करून
परत त्याच गल्लीत काहून पाठवतो?"

पानावर ती गल्ली होती.
घरं चौकोनी. माग बंद पडलेली घरं तिरप्या रेघांची.
ऑगस्टातही कूलर खिडकीला असेल तर टिंब,
टाकीत पाणी असेल तर टिंबाला शेपूट.
एकशे बारा टिंबं, एकोणसत्तर शेपट्या.

मी म्हणालो, हे महानगरपालिकेचं काम आहे.
ती म्हणाली, हो.
आणि उभीच राहिली.

एकतीस वर्षं मी पेशंट तपासले.
पत्ता विचारणं कारकुनाचं काम होतं.

बायांवर ती ओरडली नाही म्हणे.
टाकीचं बूच गंजलंय, ते निघत नाही,
आणि अख्खा कूलर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून
एकटीनं कोण उतरवणार, हे तिनं लिहून आणलं.
मग रविवारी पाना घेऊन वडील तिच्यासोबत.
गांधीबागेत मार्च ते मे कूलर दुरुस्त करतात,
ऑगस्टात त्यांना तसंही काम नसतं.
पैसे घेतले नाहीत. चहा घेतला,
सत्तावीस घरी, मग ॲसिडिटीची गोळी मला मागितली.

फॉर्म म्हणतो, उमेदवाराची एक उणीव सांगा.
सांगतो. हृदयाचा तिसरा ठोका तिनं परीक्षेत
चौथा म्हणून सांगितला, तोही ठामपणे.
वेळेवर येत नाही.
आणि मला तिला मेडिसिनमध्ये एमडी करायचं होतं,
माझ्याच युनिटात. ही उणीव तिची नाही,
पण लिहायला बसलं की मध्ये येते.

नवव्या खाटेवरचा पोरगा, एकोणीस वर्षांचा,
पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारा,
बुधवारी गेला.
नकाशात त्याच्या घरावर टिंब नव्हतं.
त्यांच्याकडे कूलरच नव्हता.
हर्षालीनं ते घर बोटानं दाखवलं,
मग बोट शेजारच्या शेपटीवर नेलं
आणि तिथेच ठेवलं, बराच वेळ.
रडली नाही. मी पाणी दिलं, तेही प्यायली नाही.

आता हे सगळं इंग्रजीत, पाचशे शब्दांत.
'काहून'चं इंग्रजी केलं की नुसतं 'का' उरतं,
त्यातली चिखलाच्या चपलांनी
माझ्या टेबलासमोर उभी पोरगी निघून जाते.
'पहिल्या पाच टक्क्यांत' या चौकोनावर टिचकी मारतो.
'जिद्दी' लिहितो, खोडतो.
'प्रश्न विचारते' लिहितो. ते राहू देतो.

पाठवायचं बटण दाबण्याआधी उठलो,
बाल्कनीत गेलो, मोबाईलचा टॉर्च लावला.
आतून बायको म्हणाली,
अहो, नोव्हेंबर लागला, आता कूलरमध्ये काय पाहून राहिले?

तळाशी चार बोटं पाणी होतं.
बूच फिरेना.