निळी रेषा

पवना मुळेला मिळते तिथे आवाज होत नाही.
लोकांना वाटतं संगम म्हणजे काहीतरी दिसेल,
दोन रंग, भोवरा, निदान एखादी जत्रा.
इथे दोघी शेजारणींसारख्या
घटकाभर हंडे टेकवतात आणि चालू लागतात
हॅरिस पुलाखालून, एकच नाव घेऊन.
पवनेचं नाव दापोडीत संपतं.
आईचंही इथेच संपलं, लग्नात.
नवं नाव तिने रेशनकार्डापुरतं वापरलं.

दादा एसटीच्या वर्कशॉपात पत्रेकाम करायचे.
पोचे पडलेल्या लाल गाड्या कुठून कुठून यायच्या
आणि ठोकूनठाकून, रंगून परत जायच्या,
अहेरीला, सावंतवाडीला.
दादा स्वतः सासवडच्या पुढे गेले नाहीत.
पण गल्लीत कुणी बार्शीहून आलं
तर आधी गाडीचा नंबर विचारायचे,
मग पाहुण्याची खुशाली.

फार पूर्वी म्हणे इथे कंपनी सरकारची बाग होती.
कुणी साहेब औषधी झाडं लावायचा.
त्यातलं काय उरलं?
दशक्रियेच्या घाटामागे अडुळसा आहे,
शकीलाआपा खोकल्यासाठी पानं तोडते.
साहेबाचा की पुराने आणलेला,
अडुळसा सांगत नाही.

आमच्या दाराच्या चौकटीवर दोन प्रकारच्या खुणा आहेत.
पेन्सिलीच्या, आम्हा भावंडांच्या उंचीच्या.
खिळ्याने कोरलेल्या, पाण्याच्या.
सत्त्याण्णव साली धाकटा हेमंत आणि नदी
एकाच उंचीचे होते.
मग तो वाढला, तीही.
दोन हजार पाचला ती त्याच्या डोक्यावरून गेली.

पोलिसांची जीप ओरडत जाते, मुळशीतून इतके क्युसेक.
क्युसेकचं कुणाला काय!
घाटाची तिसरी पायरी बुडाली की सिलिंडर माळ्यावर,
पाचवी बुडाली की कागदपत्रांची पिशवी गळ्यात,
आणि जलपर्णीचा हिरवा गालिचा पुलाला अडकून फाटला
की मग काही न बघता शाळेकडे.

शाळेत तीन दिवस एकत्र राहून
माणसांत एकोपा वगैरे येत नाही.
संडासच्या रांगेवरून रणपिसेबाई आणि शकीलाआपा
अशा भांडल्या की अजून बोलत नाहीत.
पण रात्री पाणी चढलं
तर रणपिसेबाईंची कडी आधी आपाच वाजवते.
न बोलता.

या मार्चमध्ये महापालिकेची माणसं आली.
तीन पायांवर यंत्र रोवून एका डोळ्याने बघत होती.
हातात निळ्या रंगाचा डबा.
पूररेषा आमच्या घरातून गेली,
ओटा नदीत, पलंग जमिनीवर.
इंजिनियर पोरगेलासा होता, नम्र.
चहा घेतला त्याने, नदीत उभं राहूनच.
विचारलं, पात्रात कधीपासून राहता?
दादा म्हणाले, आम्ही कधीपासून ते ठाऊक नाही.
ती आमच्याकडे कधीपासून येते, ते लिहून ठेवलंय.
आणि चौकट दाखवली.

त्याने फोटो काढले, टेप लावली, सगळं उतरवून घेतलं.

हेमंत आता पिंपळे सौदागरला चौदाव्या मजल्यावर राहतो.
नदी दिसावी म्हणून दोन लाख जास्त भरले त्याने.
वास येतो म्हणून काच बंद असते.

महिन्याने यादी आली, शिक्क्यासकट.
सत्त्याण्णव, पाच, एकोणीस, बरोबर.
मध्येच एक ओळ:
नव्व्याण्णव, एक मीटर बारा सेंटिमीटर.
नव्व्याण्णवला इथे पूर नव्हता.
ती पेन्सिलीची खूण होती.

मी अर्ज लिहायला बसले.
दादांनी कागद काढून घेतला.
राहू दे, म्हणाले,
त्या वर्षी तो फार भराभर वाढला होता.