अनेकवचनी

गोरिझियाच्या शाळेत, लॅटिनच्या तासाला,
नेरीना बेविलाक्वा बाईंनी फळ्यावर लिहिलं:
ताचेंदा.
न बोलाव्यात अशा गोष्टी.
खडू मध्येच तुटला; उरलेल्या तुकड्यानं
त्यांनी शब्दाच्या शेवटाखाली रेघ मारली.
"नपुंसकलिंग, अनेकवचन.
बोलता न आलेल्या नव्हेत,
बोलायच्या राहून गेलेल्याही नव्हेत.
शेपटीत सक्ती आहे, ती ऐका."

आपल्याकडे तीच शेपटी: कर्तव्य, वक्तव्य.
वक्तव्य रोज छापून येतं,
दुसऱ्या दिवशी मागेही घेतलं जातं.
त्याच्या पाठीला पाठ लावून आलेलं हे भावंड मात्र
पाहुणे आले की आतल्या खोलीत.

"वाक्यात उपयोग करा."
तुल्लियोनं लिहिलं: सैनिकानं शत्रूला ताचेंदा सांगितल्या.
एदानं लिहिलं: आई ताचेंदा अस्तराच्या आत शिवते,
जादाच्या गुंड्यांसारख्या.
बाईंनी एदाच्या वहीवर पेन टेकवलं
आणि उचललंच नाही.
शाईचा ठिपका पसरत गेला.
गुण द्यायचे राहिले.

बाईंच्या वडिलांचं आडनाव होतं वोदोपिवेत्स.
पाणी पिणारा.
लढाईच्या आधी एका सकाळी सरकारी कागद आला
आणि सगळं घर तेच पाणी
दुसऱ्या भाषेत प्यायला लागलं.
अर्थ तर शाबूत होता,
तक्रार कशाची करणार?
दारावरची पाटी बदलली.
आईला नवी भाषा तोंडात बसेना, जुनीला बंदी;
तिनं बाजारात ब्र काढला नाही.
बटाटे बोटानं दाखवून घेतले,
चौदा वर्षं.
नेरीना पिशवी धरून शेजारी उभी असायची,
बोट कुठे वळतं ते पाहत.

"बाई, एकवचन कसं होतं?"
शेवटच्या बाकावरून कुणीतरी.
"होतं. ताचेंदुम."
फळा पुसता पुसता त्या थांबल्या.
"पण मी ते कधी एकटं पाहिलेलं नाही."

घरी आई, आता ऐंशीची.
कागदाला कुणी विचारत नाही, कायदा कधीच गेला,
पलीकडच्या गल्लीत मुलं त्याच भाषेत भांडतात.
तहान लागली की ती अजून
पेल्याकडे बोट दाखवते.
दोघींनाही तो शब्द येतो,
दोनच अक्षरांचा.
बाई पेला नळाखाली धरतात.
पेला भरतो, मनगटावरून ओघळतो.
नळ जरा जास्तच वेळ
चालू राहतो.