जुना बाजार, बुधवार

बुधवारी माझी सुट्टी असते.
बाकीचे सहा दिवस लॅबमध्ये काचपट्टीवर
लोकांचं रक्त बघते, चाळीसच्या लेन्समधून, शंभरच्या,
चेहरा कुणाचाच बघत नाही.

म्हणून बुधवारी जुना बाजार.
कुंभारवेशीच्या पुढे, रस्त्याच्या कडेला
नळाच्या तोट्या, जोडीदार हरवलेले बूट, रिमोट,
आणि दस्तगीरचाचांच्या ताडपत्रीवर
बंद पडलेले कॅमेरे, तोंडं वर करून
वाळत घातलेल्या बोंबलांसारखे.

मी ओढणीच्या टोकानं लेन्स पुसते.
फोनची. तीन वर्षांचा फोन, हप्ते फिटलेत,
काचेला एक चीर, ती फोटोत येत नाही.
ग्रिड लावते. उजेड बोटानं खाली ओढते,
श्वास धरते (शीर शोधताना लागलेली सवय)
आणि दाबते.

चाचा हसले. ‘यात रोल कुठून घालतेस?’

अप्पा बळवंत चौकामागच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
‘मॅडम, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलात? चोथा येतो त्यात.
डॉक्युमेंट म्हणून पाठवा.’
पाठवला. आठ बाय दहा. मॅट.
अकरा हजार फोटोंतला हा पहिला,
ज्याला मागची बाजू होती.

चाचांनी तो उन्हात तिरका धरला,
पाचशेची नोट तपासावी तसा.
बराच वेळ.
‘चांगलाय. पण हा कोण?’

त्यांच्या डाव्या गालावर डाग आहे,
दापोडीच्या वर्कशॉपात उडालेल्या ठिणगीचा.
फोटोत गाल गुळगुळीत, नवरदेवासारखा.
फोननं परस्पर ठरवून टाकलं होतं
की ही काहीतरी चूक असणार.
मला विचारलं नाही. त्यांना तर नाहीच.

आमच्या लॅबमध्ये असं कुणी केलं
तर त्याला खोटा रिपोर्ट म्हणतात.

त्या रात्री सेटिंगमध्ये शिरले.
ब्यूटी बंद. एआय बंद. रॉ चालू.
आयएसओ शंभर, शटर माझ्या हातात.
एकेक फाईल पंचवीस एमबीची,
फोन तापला, जागा संपली,
भाच्याच्या बारशाचे सगळे व्हिडिओ उडवले.
(वहिनीला अजून माहीत नाही.)

पुढचा बुधवार ढगाळ.
‘हलू नका.’
‘तीस वर्षं इथंच बसलोय. हलणार कुठं?’

काळपट आला. सावलीत दाणे दाणे,
अर्धं कपाळ शेजारच्या ताडपत्रीनं निळं,
आणि डाग:
कडा उचललेल्या, मध्ये खोल,
नीट रंगवलेल्या स्लाईडवरच्या पेशीसारखा.

प्रिंट दिली तेव्हा चाचांनी अंगठा
आधी फोटोतल्या डागावर ठेवला, मग गालावरच्या.
‘हं,’ म्हणाले.
आणि मालातली एक सागवानी फ्रेम झटकून
आतला कुणाचा तरी साखरपुडा काढून
स्वतःला बसवलं.

परवा गेले तर फोटो नाही.
‘विकला. दोनशेला.’
कुणी घेतला?
‘होती एक बाई, कोथरूडची. फ्रेम आवडली म्हणाली.’
माझ्या हातात शंभराची नोट कोंबली.
नको म्हणायला हवं होतं बहुतेक.
मी घेतली.

बसमध्ये हिशेब करत बसले:
प्रिंटचे ऐंशी, जाता-येता तिकीट,
म्हणजे तोटाच.
त्या बाईनं आतला माणूस फेकला असेल,
किंवा खिळा ठोकायचं राहून
अजून कपाटाला टेकून ठेवला असेल, भिंतीकडे तोंड करून.

फाईल आहे माझ्याकडे.
पंचवीस एमबी.
फोन रोज विचारतो, जागा करू का?