दम घे पयला

घणसोलीच्या हाशा म्हात्र्याने पहिली शर्यत
मिठागराच्या बांधावर जिंकली.
समोर कुणी नव्हतं, फक्त भरती होती.
उघाडीची फळी निसटली, बाप ओरडला,
आणि हा अनवाणी सुटला
पाण्याच्या आधी पोचायचं म्हणून.
पोचला. अर्धं आगर वाचलं.
टाचांच्या भेगा मात्र त्यानंतर
कधी पुरत्या भरल्या नाहीत.

पुढे पट्ट्यात कारखाने आले.
रंगाच्या कंपनीने त्याला हेल्पर म्हणून घेतलं
आणि पळतो म्हणून ठेवून घेतलं.
कामगारांच्या स्पर्धा, पाच हजार मीटर,
उसने स्पाइक्स, पुढे कापूस कोंबलेला.
एकदा दुसरा, एकदा तिसरा,
मग पुन्हा दुसरा.
पेपरात नाव छापून आलं ते ‘हरी म्हात्रे’ असं.
ते कात्रण त्याने जपलं नाही, फेकलंही नाही,
डब्याखाली अंथरत राहिला
तेलाने अक्षरं विरघळेपर्यंत.

गुडघा गेला.
बांध सिडकोत गेले.
साडेबारा टक्क्यांचा भूखंड भावाभावांत फुटला
आणि याच्याकडे उरलं एक घड्याळ,
कंपनीने निरोपाला दिलेलं,
थांबवता येणारं.

आम्ही सात जणी.
दोघी दगडखाणीतल्या, एक वॉचमनची,
मी टायरवाल्याच्या मागच्या खोलीतली.
पहाटे साडेपाचला सर्व्हिस रोडवर
तो विजेच्या खांबांनी अंतर मोजायचा,
“सोला खांब जा, सोला खांब ये.”
शिट्टी नव्हती, जिभेने टॉक करायचा.
पाय वाजले की चिडायचा,
“खाली मीठ हाय असं समज गो,
मोडायचं नाय.”
मीठ पिकताना आम्ही कुणी पाहिलं नव्हतं,
तरी पाय हलके पडू लागले.

वेळ विचारली की म्हणायचा, “दम घे पयला.”
मग घड्याळ डोळ्यांपासून लांब धरून
आकडा सांगायचा.
आकडा नेहमी थोडक्यात हुकलेला.
आम्ही रडायचो,
मागून थेरडा म्हणायचो,
दुसऱ्या दिवशी सव्वापाचलाच यायचो.

ठाण्याच्या स्टेडियममध्ये निवड चाचणी होती.
आठशे मीटर.
पंचांनी माझी वेळ वाचली, मी म्हटलं, चुकलंय,
मी एवढी जोरात पळत नाही.
मग दुसरीचीही चुकली, तिसरीचीही,
सातही जणींची,
बरोबर दोन दोन सेकंदांनी.
वळून पाहिलं तर मास्तर गॅलरीत
शेंगा सोलत बसलेला,
टरफलं खिशात घालत.
मान वर केली नाही.

ते दोन सेकंद त्याने कुठून आणले होते,
पाच हजार मीटरच्या कुठल्या वळणावर
त्याचे स्वतःचे सांडलेले,
की नुसतीच नजरेची चूक,
चष्म्याचं सारखं पुढच्या पगारावर जायचं,
आम्ही विचारलं नाही.
आता विचारायला तो नाही.

खांब बदललेत. नवे दिवे लांब लांब आहेत,
सोळाचे बारा करावे लागले.
घड्याळ तेच, काचेला एक चरा.
काल तळवलीची एक पोर
गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत म्हणाली,
“ताई, किती?”

आकडा तर स्वच्छ दिसत होता.
दम घे पयला, म्हटलं,
आणि घड्याळ डोळ्यांपासून
जरा लांब धरलं.